सगळे एकाच खांबामागे

सकाळच्या प्लेटेस्टला, म्हणजे अर्धवट खेळ खेळवून बघायच्या चाचणीला, आठ जण आठ मशीनवर बसवले होते. वीस मिनिटांनी हीटमॅप (खेळाडू कुठे जास्त वेळ थांबले ते रंगांनी दाखवणारा नकाशा) उघडला, तर त्यावर लाल डाग एकच: खेळातल्या दालनाच्या डाव्या कोपऱ्यातला जाड खांब. आठही जण त्याच्याआड उभे राहून, डोकं बाहेर काढून गोळ्या झाडत होते. आम्ही नव्वदच्या दशकातली एक धावपळीची शूटर, म्हणजे गोळीबाराच्या व्हिडिओ गेमची, मालिका नव्याने उभी करत होतो, आणि तिच्यात कुणी धावतच नव्हतं.

खेळाडूंनी भरलेल्या फॉर्मवर मात्र कौतुक होतं. नायक ओळखू आला, बंदुकीचा आवाज तोच आहे, लाल किल्ली पाहून मजा वाटली. रीबूटच्या, म्हणजे जुना खेळ नव्याने उभा करायच्या, कामात यापेक्षा फसवा प्रतिसाद नाही. जुन्या खुणा बघून माणूस खूश होतो खरा, पण हात दुसराच खेळ खेळत असतात.

चूक खेळाडूंची नव्हती. आमच्या बिल्डमध्ये, म्हणजे खेळाच्या त्या दिवशीच्या आवृत्तीत, चार सेकंद मार बसला नाही की हेल्थ, म्हणजे खेळाडूचा उरलेला जीव, आपोआप भरायची. थांबणं फुकट, पुढे जाणं महाग. असा हिशेब मांडल्यावर शहाणा माणूस खांबच शोधणार.

१९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘डूम’ या शूटर मालिकेची गाडीही अशीच रुळावरून घसरली होती. रद्द झालेला ‘डूम ४’ युद्धपटासारखा, पटकथेमागे फरफटणारा होत चालला होता; ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या युद्धाच्या खेळावरून ‘कॉल ऑफ डूम’ असं त्याचं टोपणनावच पडलं. ‘डूम’ बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरने २०११ मध्ये तो गुंडाळून नव्याने सुरुवात केली. २०१६ ला आलेल्या ‘डूम’मध्ये हेल्थ आपोआप भरत नाही आणि बंदूक रीलोडही करावी लागत नाही. शत्रू अर्धमेला होऊन चमकू लागला की जवळ जाऊन त्याला संपवायचं, हेल्थ त्याच्या अंगातून सांडते. जीव वाचवायचा तर शत्रूच्या अंगावरच जावं लागतं. १९९३ च्या मूळ खेळात असे जवळून संपवायचे वार, म्हणजे ‘ग्लोरी किल’, नव्हते, तरी हाताला तोच वेग परत मिळाला.

दुपारी आम्ही हेल्थचं भरणं बंद केलं. शत्रूची ताकद वीस टक्क्यांवर आली की तो तीन सेकंद डगमगेल, अडीच मीटरच्या आत बटण दाबलं की तो संपेल आणि पंधरा हेल्थ देईल, असं ठरवलं. कागदावर सोपं होतं.

पहिलं अ‍ॅनिमेशन दोन सेकंदांचं निघालं. दोनदा बघायला छान, पाचव्यांदा खेळाडू खिडकीबाहेर बघतो. सुरुवातीची पवित्र्याची फ्रेम आणि शेवटचं कॅमेऱ्याचं परतणं कापून ते पाऊण सेकंदावर आणलं. मग ठरावीक पंधरा हेल्थ अंगाशी आली: भरलेल्या माणसाला ती नको होती आणि मरायला टेकलेल्याला पुरत नव्हती. हेल्थ जितकी कमी तितकं जास्त सांडेल असं केलं, तेव्हा मरणाच्या दारातला खेळाडू मागे सरायचा थांबला.

सर्वांत जास्त वेळ एका बगने खाल्ला. शत्रू कठड्याच्या खाली डगमगत असला तरी सरळ रेषेतलं अंतर अडीच मीटरच भरायचं आणि खेळाडू दगडातून ओढला जायचा. हे अंतर चालण्याच्या वाटेवरून मोजायला हवं, हे आम्हाला तासभर सुचलं नाही!

शेवटचा बदल आगीच्या गोळ्यांचा. आमच्या शत्रूंचे मारे इतके वेगवान होते की पुढे धावणारा दिसताच भाजायचा. मूळ ‘डूम’मधल्या इम्प या राक्षसाचा आगीचा गोळा संथ असतो, पाहून बाजूला सरकता येतं. वेग निम्म्यावर आणला, शत्रूंची संख्या दुप्पट केली.

मूळ खेळ जसाच्या तसा ठेवला की झालं, असं मात्र नाही. पाळीपाळीने सैनिक हलवायच्या ‘एक्सकॉम’ या डावपेचांच्या खेळाच्या रीबूटसाठी फिरॅक्सिस या कंपनीच्या जेक सॉलोमन यांनी आधी १९९४ च्या खेळाच्या अगदी जवळचा प्रोटोटाइप, म्हणजे कच्चा नमुना, बनवला होता. २०१२ ला जो खेळ आला त्यात टाइम युनिटचा, म्हणजे प्रत्येक हालचालीला खर्च होणाऱ्या गुणांचा, हिशेब गेला आणि प्रत्येक सैनिकाला पाळीत दोन कृती उरल्या. पण मेलेला सैनिक परत येत नाही ही भीती शाबूत राहिली. उलट, ‘डेव्हिल मे क्राय’ या मालिकेच्या रीबूटमध्ये, २०१३ च्या ‘डीएमसी’त, तलवारबाजी उत्तम होती, तरी बदललेला नायक डांटे जुन्या चाहत्यांना पटला नाही. २०१९ मध्ये ‘डेव्हिल मे क्राय ५’ जुन्या वाटेवर परतला.

संध्याकाळी तेच आठ जण पुन्हा बसले. आता लाल रंग दालनभर पसरला होता, पायऱ्यांवरही. खांबामागे मात्र अजून एक ठिपका होता. रेकॉर्डिंग लावलं, तर त्या खेळाडूच्या तिन्ही बंदुका रिकाम्या. २०१६ च्या ‘डूम’मध्ये अशा वेळी चेनसॉ, म्हणजे साखळी-करवत, इंधन घेऊन शत्रूला कापते आणि गोळ्या मिळवून देते. आमच्याकडे त्या जागी काहीच नव्हतं.