एकट्याची कसली वारी?

स्कॉटलंडमधल्या ओबन बंदराच्या धक्क्यावरून आईला फोन लावला. तिचा पहिला प्रश्न, "दिंडीत किती जण आहात?"

"दिंडी नाही गं. मी एकटाच."

"एकट्याची कसली वारी? फिरायला चाललोय म्हण."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आई पाच वेळा आळंदीहून पंढरपूरला चालत गेलेली. मी तिच्याबरोबर एकदाच, तेही फक्त पुणे ते सासवड. दिवे घाटात माझी हवा गेली आणि ती टाळ वाजवत कधीच पुढे निघून गेली होती. आणि आता ग्लासगोत अकरा वर्षं काढल्यावर मी चालायला निघालो तो आयोनाला.

आयोना हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडचं बेट. लांबी साधारण ५ किलोमीटर, रुंदी दोन-अडीच, वस्ती दोनशेच्या आत. इ.स. ५६३ मध्ये कोलंबा नावाचा आयरिश साधू बारा जणांना घेऊन, चामड्याने मढवलेल्या होडीतून इथे उतरला आणि त्याने मठ घातला. ९ जून ५९७ ला तो इथेच वारला. पोचायचं तर ९ जूनलाच, असं मी ठरवलं. आषाढीसारखी एखादी तिथी असली की पाय उचलतात.

ओबनहून पाऊण तासात बोट मल बेटावर क्रेगन्युअरला सोडते. (बेटाचा उच्चार असाच आहे, इलाज नाही. आईला मी "मोठं बेट" एवढंच सांगितलं.) तिथून हे बेट आडवं चालत फिनफोर्टला जायचं, सुमारे ६० किलोमीटर, आणि तिथून छोट्या बोटीने दहा मिनिटांत आयोना. बहुतेक यात्रेकरू बसने जातात. बस माझ्यासमोरच भरली आणि गेली. मग धक्क्यावर मी आणि दोन मेंढ्या.

रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा. जागोजागी तो थोडा फुगवलेला, तिथे पांढरी पाटी, समोरून गाडी आली की एकाने त्या फुगवट्यात थांबायचं. थांबलेल्याला दुसरा हात दाखवतो. मी काही गाडी नव्हे, तरी कडेला सरकलो की प्रत्येक ड्रायव्हर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचा. पहिल्या दिवशी मी बोटं मोजली, चाळीसनंतर सोडून दिली. वारीत अनोळखी माणूस "माऊली" म्हणून पायाशी वाकतो. इथे एक बोट. पण दिवसभर कुणाशी शब्दही झालेला नसताना त्या एका बोटाचं काय वाटतं, ते चालून बघावं.

ग्लेन मोअर या खोऱ्यात ना घर, ना झाड. दोन्ही बाजूंना पाणथळ गवत, डोंगरांवरून उतरणारे ओहोळ आणि ९६६ मीटर उंचीचा बेन मोअर, जो ढगात दडला तो पुढे दोन दिवस दिसलाच नाही. स्कॉटलंडमध्ये मोकळ्या रानात तंबू ठोकायची मुभा २००३ च्या कायद्याने दिली आहे, ती वापरली. दहा वाजून गेले तरी उजेड होता. वारा होता तोवर ठीक, तो पडला आणि मिज आले. चिलटापेक्षा बारीक, पण चावणारे, आणि थव्याने. घरून आणलेल्या दशम्या नि शेंगदाण्याची चटणी काढली, तर घासाबरोबर चार-दोन मिजही पोटात गेले असतील. उपासाचा दिवस नव्हता, एवढं बरं.

दुसऱ्या दिवशी लॉख स्क्रिडेन लागलं, म्हणजे जमिनीत लांबवर शिरलेली समुद्राची खाडी. वाट दिवसभर तिच्या काठाने. ओहोटीच्या वेळी शेवाळाचा जो वास येतो, तो थेट आमच्या कोकणातल्या खाडीचा. टाचेला फोड आला. पट्टी लावताना आठवलं, वारीत अशा वेळी कुणीतरी न विचारता तेलाची वाटी घेऊन बसतं. इथे समोर एक सील डोकं वर काढून बघत होता, थोड्या वेळाने तोही बुडाला. पुढे अधूनमधून शेतात उभे प्राचीन दगड दिसतात. जुन्या यात्रेकरूंना ते वाट दाखवायचे असं लोक सांगतात. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर मठ ओस पडले, यात्राही बंद झाल्या. दगड तेवढे राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी जमीन गुलाबी झाली. मलच्या या टोकाला ग्रॅनाइट आहे तो खरोखर गुलाबी. आयोनावरच्या जोगिणींच्या मठाच्या पडक्या भिंतींतही तो दिसतो. बोटीतून उतरल्यावर थोडं चाललं की एका बाजूला पांढऱ्या वाळूची छोटी पुळण लागते. मुलं बादल्या घेऊन खेळत होती. ८०६ मध्ये व्हायकिंगांनी इथल्या ६८ साधूंना मारलं, ते या पुळणीवर असं मानतात.

मठाशेजारी राजांची स्मशानभूमी आहे. स्कॉटलंडचे ४८, नॉर्वेचे ८ आणि आयर्लंडचे ४ राजे इथे पुरले आहेत, अशी १५४९ ची नोंद आहे. इतके खरोखर असतील का यावर अभ्यासकांना शंका आहे, आणि मलाही राजांत फारसा रस नव्हता. मला बघायच्या होत्या मठाच्या राहत्या इमारतींच्या भिंती. त्या पडून गेल्या होत्या. १९३८ मध्ये जॉर्ज मॅक्लाउड नावाच्या ग्लासगोच्या पाद्र्याने बेकार कारागीर आणि तरुण पाद्री एकत्र आणून त्या पुन्हा उभारायला घेतल्या. हा माणूस गोव्हनमधला, जहाजबांधणीच्या वस्तीतला. मी रोज ज्या स्टेशनवरून जातो ते गोव्हन. रात्रीच्या प्रार्थनेला बसलो तेव्हा मी कोलंबाचं नव्हे, त्या गवंड्यांचं मनातल्या मनात नाव घेतलं.

रात्रभर तंबूबाहेर कॉर्नक्रेक ओरडत होता. कंगव्याच्या दातांवरून नख ओढावं तसा आवाज, क्रेक-क्रेक, क्रेक-क्रेक. या पक्ष्याची इथे फार काळजी घेतात. पहाटे तीनला मला ती घेता येईना.

सकाळी बेटाच्या दक्षिण टोकाला निघालो. मेंढ्या चरणारं गोल्फचं मैदान, मग चढण, एक तळं, चिखल, आणि खाली गोट्यांनी भरलेला किनारा. कोलंबा उतरला तो इथे. पंढरपूरला आई माहेर म्हणते. कोलंबाची गोष्ट अगदी उलटी. सांगतात ते असं, की त्याने दुसऱ्याच्या पोथीची गुपचूप नक्कल केली. तंटा राजापुढे गेला. राजाने निकाल दिला, गाय ज्याची वासरू त्याचं, तशी पोथी ज्याची नक्कलही त्याची. त्यातून लढाई पेटली, माणसं मेली, आणि कोलंबाने देश सोडला. आधी तो दुसऱ्या एका बेटावर उतरला. टेकडीवर चढून बघतो तर आयर्लंड दिसतंय. पुन्हा होडीत. आयोनावरच्या टेकडीवर चढून बघितलं, दिसलं नाही. मग राहिला. त्या टेकडीवर दगडांची रास आहे, तिचं गेलिक नाव कार्न कूल री एरिन, म्हणजे आयर्लंडकडे पाठ.

मी ग्लासगोला आलो तेव्हा कुठल्या टेकडीवर चढलो नव्हतो. दीड वर्षाचं प्रोजेक्ट होतं. पाठ फिरवली असं काही झालंच नाही, नुसतीच मुदत वाढत गेली.

या किनाऱ्यावर दोन खडे उचलायची रीत आहे. जे सोडायचं ते मनात धरून एक समुद्रात टाकायचा, दुसरा बरोबर न्यायचा. हिरव्या झाकेचे गुळगुळीत खडे भाग्याने मिळतात. मला एक मिळाला, तो खिशात घातला. दुसरा, साधा करडा, हातात घेऊन बराच वेळ उभा राहिलो. काय सोडायचं ते सुचेना. शेवटी तोही खिशात टाकला आणि टेकडी चढलो.

वर वारा उभं राहू देईना. दक्षिणेला फक्त पाणी. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. तीन दिवस ज्या रेंजसाठी हात वर करून फिरत होतो, ती इथे आली होती. आईचा व्हिडिओ कॉल.

"पोचलास? देऊळ दाखव."

"देऊळ मागे राहिलं. हा समुद्र." मी फोन दक्षिणेकडे वळवला.

ती थोडा वेळ बघत राहिली. "पलीकडे काय आहे?"

"आयर्लंड. दिसत नाही इथून."

"बरं. वारा किती आहे तिथे, कानाला काहीतरी बांध आधी."