साताऱ्याच्या कॅसेटी सापडेनात: नव्या मशीनवर लायब्ररी परत उभी करताना

जुना विंडोजवाला पीसी सोडून लिनक्स मिंट टाकलेल्या मिनी पीसीवर आले त्याला आता पाच आठवडे झाले. गाण्यांची लायब्ररी अजून पूर्ण उभी नाहीये पण काल रात्रीपर्यंत ११,४६२ पैकी ११,४३७ ट्रॅक जागेवर आलेत, त्यामुळे आत्तापर्यंत काय काय केलं ते नीट लिहून ठेवतेय, कारण आपल्यातल्या ज्यांची लायब्ररी देवनागरीत आहे त्यांना यातल्या दोन गोष्टी नक्की कधी ना कधी भेटणार.

आधी परिस्थिती सांगते. जुन्या पीसीत दोन डिस्क होत्या, सी वेगळी आणि गाण्यांची डी वेगळी. डीची पूर्ण कॉपी मागच्या दिवाळीत ताईच्या मॅकबुकला लावून एका २ टीबीच्या एक्स्टर्नलवर काढली होती, म्हणून डीची डिस्क मी निर्धास्तपणे फॉरमॅट करून नव्या मशीनला लावली. गाणी तर आहेतच की, असं वाटलं. पण नव्या प्लेयरला फोल्डर दाखवला आणि कॅसेटींचा सगळा भाग नुसता 'अननोन आर्टिस्ट' म्हणून उघडला तेव्हा पोटात गोळा आला.

आमच्या अण्णांनी ऐंशीच्या दशकात रेडिओवरून आणि ओळखीच्यांच्या टेपांवरून भरलेल्या ११२ कॅसेटी, त्या मी २०१२ पासून एकेक करून ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये घेतल्या, ६१८ वेव्ह फाइली, ७० जीबीच्या आसपास. प्रत्येक कॅसेटच्या इनले कार्डावर अण्णांच्या बारीक अक्षरात राग, तारीख, कुणाकडून घेतली ते लिहिलेलं, आणि ते सगळं मी त्या त्या ट्रॅकच्या कॉमेंटमध्ये टाइप केलं होतं. एमपीथ्री असेल तर असं लिहिलेलं फाइलच्या आतच टॅगमध्ये बसतं, फाइल कुठेही न्या, ते बरोबर येतं. वेव्हमध्ये टॅग ठेवायची सगळ्यांनी पाळलेली अशी पद्धतच नाही, त्यामुळे मी जे जे टाइप केलं ते फक्त जुन्या प्लेयरच्या, म्हणजे आयट्यून्सच्या, डेटाबेसमध्ये राहिलं आणि तो डेटाबेस सीवर. सात वर्षांचं टायपिंग एका ठिकाणी आणि आवाज दुसऱ्या ठिकाणी, हे मला कधी लक्षातच आलं नाही कारण स्क्रीनवर दोन्ही एकत्रच दिसायचं.

आता सी. ती डिस्क कपाटात होती, साटा-यूएसबी ॲडॉप्टरला लावली तर दिसली पण कॉपी करायला घेतलं की मध्येच अडकायची आणि टक टक आवाज यायचा. इथे एकच सांगते, अशा डिस्कवरून फाइली ओढत बसू नका. मी लगेच काढली आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, घेतली. ते आधी जेवढं सहज वाचता येतं तेवढं घेतं, अडणारे भाग नोंदवून बाजूला ठेवतं आणि मग शेवटी त्यांच्याकडे परत येतं, आणि मॅप फाइल दिली असेल तर मध्ये बंद पडलं तरी तिथूनच पुढे चालू होतं. पूर्ण रात्र आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं. मग ती इमेज फक्त वाचण्यापुरती माउंट केली आणि डिस्कला परत हात लावला नाही.

आयट्यून्सचा मुख्य आयटीएल डेटाबेस उघडेना. पण त्याच्या शेजारी एक्सएमएल होती! दुसऱ्या प्रोग्रॅमना लायब्ररी वाचता यावी म्हणून ती एक्सएमएल लिहिण्याचा एक पर्याय असतो, तो माझ्याकडे कधीच्या काळी चालू केलेला होता. ती साध्या मजकुराची फाइल, पायथॉनच्या प्लिस्टलिब या मॉड्यूलने वाचता येते, फक्त माझी वाचता येईना कारण मध्येच ४,०९६ बाइटचा एक तुकडा नुसते शून्य होता, म्हणजे डिस्कवरचा खराब भाग बरोबर तिथे आला होता. एडिटरमध्ये उघडून चार गाण्यांच्या अर्धवट नोंदी हाताने कापल्या, कंस जुळवले, आणि फाइल वाचली गेली. ११,४६२ नोंदी. त्यात नाव, गायक, रेटिंग, किती वेळा ऐकलं, लायब्ररीत कधी आलं, सगळ्या प्लेलिस्ट, आणि कॉमेंट. पहिली जी कॉमेंट नजरेस पडली ती अशी: 'रेडिओ. मारवा. ७ जून ८६. शेवट नाही, वीज गेली.' बराच वेळ तिथेच बसून राहिले.

मग जुळवाजुळव. एक्सएमएलमधल्या प्रत्येक नोंदीत फाइलचा जुना पत्ता असतो, डी ड्राइव्हपासून सुरू होणारा आणि टक्क्याच्या चिन्हांनी भरलेला. ती चिन्हं उलगडायची, पुढचा डी काढून तिथे नवा फोल्डर घालायचा आणि बघायचं फाइल आहे का. पहिल्या फेरीत १०,३१८ सापडल्या, १,१४४ नाही.

आणि इथे चार संध्याकाळी गेल्या. न सापडलेल्यांत 'साताऱ्याच्या कॅसेटी' हा पूर्ण फोल्डर, 'दुसऱ्यांकडून मिळालेलं' हा पूर्ण फोल्डर, आणि बाकी सुटी सुटी गाणी. फोल्डर तर समोर दिसतोय! नाव एक्सएमएलमधून कॉपी करून शेजारी ठेवलं, अक्षर न् अक्षर तेच. कोल्हापूरच्या कॅसेटी सापडतात, सांगलीच्या सापडतात, साताऱ्याच्याच का नाही? शेवटी सुट्या गाण्यांची यादी एकाखाली एक लावून मोठ्याने वाचत गेले तेव्हा कळलं, जवळजवळ प्रत्येकात ऱ आहे.

आपला हा ऱ युनिकोडमध्ये एकच अक्षर म्हणूनही असतो, ०९३१ या क्रमांकाचा, आणि साधा र अधिक खाली नुक्ता (टिंब) असा दोन तुकड्यांतही लिहिता येतो. डोळ्याला दोन्ही सारखेच. विंडोजवर मी टाइप केलेला ऱ एकसंध होता. ताईचं मॅकबुक जुनं, एक्स्टर्नल मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट केलेली, आणि ती फाइल सिस्टिम नावं साठवताना अशी अक्षरं सुटी करूनच साठवते. तिथून मी नेटवर्कवर आरसिंक या कॉपीच्या प्रोग्रॅमने सगळं लिनक्सवर आणलं तेव्हा नावं तशीच सुटी आली, आणि लिनक्सला दोन नावांतला एक बाइट वेगळा असला तरी ती दोन वेगळी नावं. मॅकला फरक पडत नाही, तो दोन्ही एकच समजतो, त्यामुळे तिकडे कधी कळलंच नसतं.

उपाय कॉन्व्हएमव्ही, फाइलींच्या नावांतली अक्षरं एका पद्धतीतून दुसरीत नेणारा प्रोग्रॅम. त्याला एनएफसी, म्हणजे एकसंध अक्षरांची पद्धत, सांगायचं, सगळे फोल्डर पालथे घालायला सांगायचं, आधी नुसती चाचणी करून यादी बघायची आणि मग खरं नाव बदलू द्यायचं. दोन मिनिटांत १,०२१ सापडल्या. साताऱ्याच्या सगळ्या! (हेच करताना दिसलं की माझ्या टॅगांमध्ये तिसरा ऱ पण आहे, र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर या न दिसणाऱ्या जोडचिन्हाचा, बहुतेक एखाद्या जुन्या कीबोर्डाने दिलेला. त्यामुळे इतकी वर्षं काही गाणी सर्चमध्ये यायचीच नाहीत. सगळीकडे एकच ऱ करून टाकला.)

उरल्या १२३. त्यातल्या ६१ इंग्रजी नावांच्या फोल्डरांमधल्या, कॅपिटल-स्मॉलचा फरक, विंडोजला चालतो, लिनक्सला नाही. ते सोपं होतं.

पुढच्या ३७ मात्र मशीनवर आल्याच नव्हत्या. आरसिंकच्या लॉगमध्ये 'नाव फार लांब' असा एरर होता जो मी तेव्हा वाचला नव्हता. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिममध्ये फाइलचं नाव २५५ बाइटपर्यंत, आणि देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाइट घेतं, काना मात्रा वेलांटी हलन्त सगळे वेगळे मोजायचे, म्हणजे जेमतेम ८५. विंडोजवर मर्यादा बाइटची नसून साधारण २५५ अक्षरांची आहे म्हणून मी खुशाल अशी नावं दिली होती: 'नाट्यसंगीत रात्रीची मैफल आकाशवाणी पुणे केंद्र कॅसेट क्रमांक १४ बाजू ब अण्णांच्या टेपवरून पहिली वीस मिनिटं आवाज खाली'. ताईच्या मॅकबुकवर जाऊन ३७ नावं छोटी केली आणि आणली, पण आता नाव बदललं म्हणजे एक्सएमएलमधल्या पत्त्याशी जुळणार कशी?

आणि इथे त्या वेव्हनेच वाचवलं. एक्सएमएलमध्ये प्रत्येक नोंदीत फाइलचा साइज बाइटमध्ये असतो. एमपीथ्रीत टॅग बदलला की साइज बदलू शकतो, पण या फाइलींच्या आत कधी काही लिहिलंच गेलं नाही, म्हणून घेतल्या तेव्हा जेवढ्या होत्या तेवढ्याच, एक बाइट इकडे तिकडे नाही. नुसत्या साइजवरून ३५ बिनचूक जुळल्या. दोघींचा साइज एकच निघाला, त्या ऐकून ओळखल्या, एकीत खोकला आहे.

त्याआधी मी पिकार्ड या टॅग लावणाऱ्या प्रोग्रॅमने ध्वनीच्या ठशावरून ओळखायचा प्रयत्न केला होता तो सांगून टाकते. बाजारातल्या सीडींना उत्तम, घरच्या कॅसेटींना उपयोग शून्य. रेडिओवरचं गाणं त्या डेटाबेसमध्ये असणार कुठून, आणि एखादं असलं तरी आपले डेक थोडे जलद नाहीतर मंद चालतात. वेग सहा टक्क्यांनी वाढला तर काळी एकची पांढरी दोन होते, आणि त्याच्या निम्म्या फरकानेही ठसा जुळत नाही.

उरलेल्या २५ पैकी १४ तर जुन्या लायब्ररीतही तुटलेल्याच होत्या, त्या सोडल्या.

या आठवड्यात: सगळ्या वेव्ह फ्लॅक, म्हणजे आवाज न गमावता आवळणाऱ्या प्रकारात, केल्या. आवाज बिट न् बिट तोच, जागा ७० वरून ३८ जीबी, आणि फ्लॅकमध्ये आपल्याला हव्या त्या नावाचे टॅग करता येतात, मग राग, ताल, कॅसेट क्रमांक, बाजू आणि 'अण्णांची नोंद' असे वेगवेगळे टॅग केले आणि म्युटाजेन या पायथॉनच्या टॅग लिहिणाऱ्या मॉड्यूलने एक्सएमएलमधलं सगळं त्यात लिहिलं. लायब्ररीत आल्याची तारीख पण. फ्लॅक स्वतःच्या आत मूळ आवाजाचा एमडी५, म्हणजे ताळा करायचा आकडा, ठेवतं, म्हणजे पुढच्या कॉपीला फाइल धड आहे का ते टेस्ट करून बघता येईल, वेव्हला ती सोय नव्हती. वेव्ह अजून उडवलेल्या नाहीत, एक्स्टर्नलवर आहेत.

रेटिंग आणि प्ले काउंट स्ट्रॉबेरीत, म्हणजे नव्या प्लेयरमध्ये, घातले. त्याचा डेटाबेस एसक्यूलाइट आहे, प्लेयर बंद करून, फाइलची कॉपी ठेवून मग हात घाला. एक्सएमएलमध्ये चार तारे म्हणजे ८०, इकडे ०.८, शंभराने भागायचं विसरू नका. प्लेलिस्ट एम३यू करून आणल्या. स्मार्ट प्लेलिस्टचे नियम मात्र एक्सएमएलमध्ये वाचता येण्यासारखे नसतात, ते हाताने परत करावे लागले, माझ्या नऊच होत्या.

राहिल्या ११. त्या कॅसेट १११ आणि ११२ च्या, दिवाळीतल्या कॉपीनंतर घेतलेल्या, म्हणजे फक्त मी फॉरमॅट केलेल्या डिस्कवर होत्या. नोंदी आहेत, आवाज नाही. कॅसेटी मात्र आहेत. आज १११ उघडली तर आतला फेल्टचा पॅड निघून पडलेला, दुसऱ्या एका कोऱ्या कॅसेटचा पॅड पत्रीसकट काढून बसवला, हेड स्पिरिटने पुसलं आणि पूर्ण टेप एकदा पुढे एकदा मागे फिरवून घेतली. बाजू अ आत्ता चालू आहे. अण्णांची नोंद आहे 'सुरुवातीला आईचा आवाज', आणि आहे, चार सेकंद, चहा ठेवू का असं विचारतेय.