कुलूप लावलेल्या घरांचं मत

२०२१ च्या ऑक्टोबरात पोप फ्रान्सिस यांनी कॅथलिक चर्चच्या जगभरच्या धर्मप्रांतांत, म्हणजे एकेका बिशपांच्या कार्यक्षेत्रात, सिनडची, म्हणजे एकत्र बसून विचारविनिमयाची, प्रक्रिया सुरू केली. ऐक्य, सहभाग आणि मिशनकार्य, असे तीन शब्द त्यात होते. आपली ख्रिस्तसभा कशी चालते आणि कशी चालावी, हे यावेळी साध्या श्रद्धावंतांना विचारायचं होतं. मी अंगणवाडीत काम करते आणि आमच्या पॅरिश कौन्सिलची, म्हणजे धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळाची, चिटणीस आहे, म्हणून प्रश्नांचे कागद माझ्या हातात आले.

आमचं गाव गोदाकाठचं. धर्मप्रांत औरंगाबादचा, १९७७ साली अमरावतीपासून वेगळा निघालेला. धर्मप्रांतांनी आपलं काम एप्रिल २०२२ पर्यंत संपवायचं होतं. ऑक्टोबर ते एप्रिल म्हणजे आमच्याकडे ऊसतोड! दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात, त्या गुढीपाडव्याच्या आसपास परततात. वस्तीवर म्हातारी माणसं, शाळेची लेकरं आणि दाराला कुलपं.

तरी मी बैठका घेतल्या. चर्चजवळची घरं आली, मास्तर आले, पेन्शनवाले आले. युवक संघ हवा, गायनमंडळाला पेटी हवी, कुंपण नीट करावं, असा चार पानांचा अहवाल मी सुवाच्य अक्षरात लिहिला. फादरांनी तो वाचला आणि एवढंच विचारलं, "बाई, यात वस्तीवरचं कोण बोललंय?" कोणीच नाही. मला फार लाज वाटली. आमच्या कौन्सिलवरही वस्तीवरचं एक माणूस नव्हतं, आणि ते इतकी वर्षं माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

मग कळलं की रोमने मुदत १५ ऑगस्ट २०२२ पर्यंत वाढवली आहे. मी देवाचे आभार मानले आणि पाडव्यानंतर, माणसं घरी टेकल्यावर, वस्तीवरच लिंबाखाली बैठक ठेवली. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी उत्तर न देता ऐकायचं, मग थोडा वेळ गप्प बसायचं. फादरही गोणपाटावर शेवटी बसले. पहिला अर्धा तास कोणी तोंड उघडलं नाही.

शेवटी एक बाई बोलली. तिशीची असेल, तळहातांना भेगा. "माझ्या लेकराचा पहिला कम्युनियन दोनदा हुकला. शिकवणी तुमची जानेवारीत, आम्ही फडात. आम्ही काय देवाला सोडलंय का?" पहिला कम्युनियन म्हणजे ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेण्याचा संस्कार, त्याआधी धर्माची शिकवणी असते. मग तिने प्रार्थनेच्या पुस्तकातून एक चांदणी काढली. बिस्किटाच्या पुड्याच्या चंदेरी कागदाची, दोऱ्यासकट. नाताळला कोपीच्या, म्हणजे फडावरच्या झोपडीच्या, दारात टांगलेली. "मिस्सा नाही, फादर नाही. पहाटे मुकादमानं तोडीला उठवलं."

तिच्यानंतर सगळेच बोलायला लागले. एका आजोबांनी मात्र माझा पेन धरला, "नाव लिहू नको, माय." १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, त्यामुळे कितीतरी घरांना कागदावर ख्रिस्ती म्हणून नाव येण्याची धास्ती आहे. मी नाव एकाचंही लिहिलं नाही. बोलणं मात्र त्यांच्याच शब्दांत लिहिलं.

संपूर्ण धर्मप्रांताचा सारांश दहा पानांत बसवायचा होता. त्यात आमचं कितीसं येणार? तरी ती शिकवणीची तक्रार आमच्या अहवालात अगदी वर घातली.

याच काळात मला नियम कळले. धर्मग्रामात आर्थिक समिती सक्तीची आहे, पण पॅरिश कौन्सिल असावी की नाही हे बिशपांवर आहे, आणि असली तरी ती फक्त सल्ला देते. ऑक्टोबर २०२४ मध्ये रोमला भरलेल्या सिनडच्या सभेने आपल्या अंतिम दस्तऐवजात अशा कौन्सिली सक्तीच्या कराव्यात असा आग्रह धरला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. दुसरी अडचण हद्दीची. धर्मग्राम सहसा गावांच्या हद्दीने ठरतं, आणि आमची माणसं पाच-सहा महिने दुसऱ्याच धर्मप्रांताच्या हद्दीत राबतात. तिथल्या फादरांना ही माणसं आलीत हे कळणार कसं?

आम्ही मोठी योजना आखली नाही. शिकवणी जून-जुलैत, संध्याकाळी, वस्तीवर. कौन्सिलवर प्रत्येक वस्तीचा एक माणूस, त्यांत निम्म्या बायका. वार्षिक बैठक पाडव्यानंतरच. त्या बाईच्या लेकराला पुढच्या वर्षी मरियामातेच्या सणाला, १५ ऑगस्टला, पहिला कम्युनियन मिळाला. कुटुंबांच्या वहीत मी एक नवा रकाना आखला: कोणता कारखाना, मुकादमाचा नंबर. तो दसऱ्याआधी घरोघर जाऊन भरते. वही माझ्याच कपाटात असते.

गेल्या नाताळच्या आठवड्यात आमचे प्रचारक, म्हणजे धर्मशिक्षण देणारे कार्यकर्ते, एसटीने कोल्हापूरकडे गेले. तीन टोळ्या भेटल्या, तिथे कोपीपुढे प्रार्थना झाली. दोन सापडल्याच नाहीत, तोडीचं गाव बदललं होतं आणि मुकादम फोन उचलेना. यंदा गाडीवाल्याचाही नंबर लिहून घेतेय.