जागच्या जागी

परवा दुपारी आई कॉम्प्युटरपुढे बसून एकदा हा डोळा झाकत होती, एकदा तो. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं व्हायचंय. त्यामुळे पांढऱ्या रंगाच्या बाबतीत तिच्या दोन डोळ्यांचं एकमत नसतं. डाव्याला सगळं जरा पिवळट दिसतं, उजव्याला चक्क पांढरं. पण त्या दिवशी दोघांनाही स्क्रीन पिवळाच दिसत होता. "म्हणजे मला नाही, ह्यालाच झालीये कावीळ," असा निकाल देऊन तिने चष्मा काढला आणि पेशंट माझ्या ताब्यात दिला.

हे दुखणं आमच्या ओळखीचं. मॉनिटरच्या निळ्या टोकाच्या वायरीत पिना असतात. आयबीएमने १९८७ साली ही व्हीजीएची पद्धत आणली. त्यातल्या पहिल्या तीन पिना लाल, हिरवा आणि निळा असे एकेक रंग वाहतात. निळा निसटला की उरलेले दोघे मिळून सगळं पिवळं करतात. टेबलामागून झाडू जरा जोरात फिरला की आमच्याकडे एखादा रंग जातोच. मग टेबलाखाली शिरायचं, दोन बाजूंचे स्क्रू आवळायचे, वरून आई सांगणार, "आला, आला… गेला." या खेपेला मात्र तो आला नाही. पिनच वाकली होती.

खरं तर आमच्या गावात जुनी वस्तू घरात टिकवणं आता सोपं राहिलेलं नाही. २०१७ मध्ये इंदूरचा स्वच्छतेत देशात पहिला नंबर लागला, तेव्हापासून घराघरात एक प्रकारचा उत्साह संचारलाय. सकाळी गाणं वाजवत कचरागाडी येते, तिला ओला, सुका, प्लास्टिक असे वेगवेगळे कप्पे. त्यात ई-कचऱ्याचाही एक. रामबागेतल्या आमच्या खिडकीतून तो गाडीवाला कॉम्प्युटरकडे आशेने बघतो असा माझा जुना संशय आहे. हिचं तर उघडच म्हणणं असतं की गाडी दारात आलीच आहे, तर उचला. पुण्याहून लेक फोनवर सांगतो, "बाबा, आजीला नवा लॅपटॉप घेऊन देतो." आजी म्हणते, "ह्याला काय झालंय? सुरू व्हायला जरा वेळ लागतो एवढंच."

तो जरासा वेळ म्हणजे काय, तर बटण दाबून आई देवपूजेला बसते. मधेच उठून येऊन एफ वन दाबते, परत जाते. आरती होऊन प्रसाद वाटून झाला की डेस्कटॉप दिसू लागतो, पण माउसचं गोल चक्र अजून फिरतच असतं. एफ वनचं कारण असं की मदरबोर्डवरचा तो चपटा सेल कधीच मेलेला. त्यामुळे कॉम्प्युटरला रात्रीतून सगळ्याचा विसर पडायचा, आणि रोज सकाळी काळ्या पडद्यावर इंग्रजीत रडगाणं गाऊन तो विचारायचा की एफ वन दाबाल का. आमच्या घरात कॉम्प्युटरच्या हिशेबाने बारा महिने एक जानेवारी असायची. आईच्या समजुतीप्रमाणे कॉम्प्युटर सुरू करण्याची रीतच तशी.

काळ्या पडद्यावरून आठवलं. आठवीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं होतं. दाराबाहेर चपलांचा ढीग. आत जायचं ते अनवाणी, कारण धूळ मशीनला चालत नाही. खोलीत एसी होता, तो अर्थातच मशीनसाठी, आम्हा पोरांना त्याचा लाभ आनुषंगिक. बाहेर मे महिन्याची लू चालू असायची आणि आत शिरलं की तळपायाला ती गारेगार फरशी लागायची. एका मशीनवर चार मुलं. सर कुलपाच्या पेटीतून फ्लॉपी काढायचे, मऊ फडक्याने पडदा पुसायचे आणि बटण दाबायचे. मग ते मशीन आपली मेमरी मोजायला घ्यायचं. डाव्या कोपऱ्यात हिरवे आकडे भराभर चढत जायचे आणि आम्ही चौघं एका सुरात ते वाचायचो, म्हणजे वाचायचा प्रयत्न करायचो, जीभ मागे पडायची. शेवटी सहाशे चाळीस के, ओके! त्या ओकेला टाळी. त्यानंतर बेसिक नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत काय शिकवलं ते मला विचारू नका. माझा नंबर यायच्या आत बहुधा तास संपायचा आणि बाहेर चपलांच्या ढिगात माझी एक सापडायची, दुसरी सापडेपर्यंत डांबर तापलेलं असायचं.

अजूनही कॉम्प्युटरपुढे बसताना माझ्या पायातल्या सपाता आपोआप निघतात. ही हसते. हसू दे. मोबाइल लोक संडासातसुद्धा नेतात, तिथे मी काय बोलणार.

तर मेकॅनिक आला. सिल्व्हर मॉलमधला पोरगा, पाठीवर सॅक, तोंडात बडीशेप. त्याने डबा उघडला आणि म्हणाला, "अंकल, ये तो म्यूझियम हे." आत पंख्यावर धुळीचा जाड करडा थर, आणि एका कोपऱ्यात पालीची सोडलेली कात, शेपटीसकट अख्खी. पोराने रॅमची पट्टी काढली, खिशातून शाळकरी खोडरबर काढलं आणि तिची सोनेरी कड घासायला लागला. मला हा माणूस तिथेच आवडला. नंतर ग्राफिक्स कार्ड, म्हणजे मॉनिटरला चित्र पुरवणारं कार्ड, बाहेर काढून खिडकीशी धरलं. त्यावरचे कॅपॅसिटर डोक्याला फुगलेले. "ये गया," म्हणून ते बाजूला ठेवलं. मॉनिटरची वाकलेली पिन पकडीने सरळ करायला गेला तर ती मोडली. ट्यूबच्या मॉनिटरची वायर त्याच्या पोटातूनच निघते, तेव्हा वायरीबरोबर मॉनिटरही गेला. कचरागाडीवाल्याला अखेर काहीतरी मिळालं.

मग त्याने सुरू होताना आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी उघडली. काय काय होतं त्यात! ज्या प्रिंटरला आम्ही केव्हाच भंगारात दिलं त्याचा मदतनीस. बटणांच्या जमान्यातल्या एका मोबाइलचं काहीतरी. लेकाच्या मुंजीच्या अल्बमच्या सीडीतून आलेलं एक बिऱ्हाड. मालक गेले, वस्तू गेल्या, ही मंडळी रोज सकाळी उठून हजेरी लावत होती. पोराने एकेकाची खूण काढली. मला उगाच त्यातल्या मुंजीवाल्याचं वाईट वाटलं.

जुनी हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेणारी. तिच्यातलं सगळं जसंच्या तसं एसएसडीवर, म्हणजे नव्या चिपवाल्या डिस्कवर, उतरवलं. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे ती मुकाट असते. सेल नवा टाकला, सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ जाड, हे त्याच्या नावातच लिहिलेलं असतं. विंडोज मात्र जुनंच राहू दिलं, सेव्हन. मायक्रोसॉफ्टने २०२० साली १४ जानेवारीला त्याचे अपडेट बंद केले. संक्रांत म्हणतात ती हीच. "बैंक का काम इसपे मत करना," पोराने बजावलं. आई म्हणाली, "बेटा, बँक तो मैं पासबुक लेके जाती."

दुसऱ्या हाताचा एक रुंद मॉनिटर जोडला. आधी चित्र भलतंच मोठं आलं, आठशे बाय सहाशे ठिपक्यांचं. कार्ड काढल्यावर बोर्डावरच्या डिस्प्लेवर काम आलं, पण त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्रॅम, टाकलेला नव्हता. तो मिळाल्यावर १३६६ बाय ७६८ वर सगळं टकाटक. बटण दाबलं आणि आई देवघरापर्यंत पोचायच्या आत डेस्कटॉप हजर. पोरगा विजयी मुद्रेने आमच्याकडे बघू लागला.

आई म्हणाली, "माझे पत्ते कुठे गेले?"

"अम्माजी, यहीं हें सब. नाम पढो ना."

नावं कोण वाचतं? आईचे फोल्डर म्हणजे न्यू फोल्डर, न्यू फोल्डर दोन, न्यू फोल्डर तीन. ती कधी नावाने शोधतच नाही, जागेने शोधते. मिसळणाच्या डब्यात बोटं न बघता मोहरीवर जातात, तसं. तिच्या वॉलपेपरवर गणपती आहे. त्याच्या उजव्या कानाशी अण्णांचे फोटो. मोदकाजवळ रेसिपी, हे ओघानेच आलं. उंदराच्या शेजारी इंटरनेट. भिशीचा हिशेब मुकुटाच्या वर, कारण तिथे लक्ष राहतं. आणि पत्ते म्हणजे सॉलिटेअर खाली अगदी कोपऱ्यात, देवाच्या पायापासून लांब. तो खेळ १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर आला, वेस चेरी नावाच्या एका इंटर्नने लिहिलेला, आणि लोकांना माउसने वस्तू उचलून ओढायची सवय व्हावी हाही त्यामागे एक हेतू होता. आईच्या बाबतीत तो पुरेपूर सफल झालाय. माउस ती पत्त्यांवरच शिकली. पण म्हणून पत्ते गणपतीच्या अंगावर ठेवायचे?

आठशे बाय सहाशेच्या त्या थोड्या वेळात सगळे आयकॉन अंग चोरून डावीकडे गोळा झाले होते, आणि जागा परत मिळाली तरी आपापल्या घरी गेले नव्हते. पोराला हा बिघाड वाटेना. स्पीड आला, रंग आला, अजून काय पाहिजे? त्याचंही बरोबर. बिलात लावायला ह्या गोष्टीला नावच नाही. तो पैसे घेऊन गेला.

मग आम्ही दोघं बसलो. आई बोटाने दाखवणार, मी ओढून नेणार. "जरा खाली. अरे, सोंडेला लागतोय. इकडे घे." पण नव्या रुंदीत गणपतीचा कान मुळी पूर्वीच्या जागी नव्हताच, मुकुट कापला गेला होता, भिशीला छप्पर राहिलं नव्हतं. शेवटी मी सेटिंगमध्ये जाऊन जुनं माप लावलं, १०२४ बाय ७६८. चौकोनी चित्र रुंद काचेवर ताणून बसलं आणि एकेक आयकॉन बरोबर आपल्या जागी आला. सेटिंग समजणारा कोणीही हे बघून कपाळाला हात लावेल. लेकाने व्हिडिओ कॉलवर लावलाच.

एफ वन आता लागत नाही. आई तरी दाबते. डेस्कटॉपवर ते दाबलं की मदतीची खिडकी उघडते आणि ती बंद करताना आई दर वेळी म्हणते, "नको रे, जमतंय मला."

ताणलेल्या चित्रात सगळं एक तृतीयांशाने रुंद दिसतं. गणपतीला ते शोभतंच. अण्णा आयुष्यात नव्हते इतके भरदार दिसतात. आणि पुण्याहून लेकाचे नवे फोटो आले की आई ते मोठे करून बघते, समाधानाने मान हलवते आणि हिला हाक मारून सांगते, "बघ गं, मेसचं जेवण मानवलंय हो त्याला."