शिकागोची सोनेरी तबकडी

ऑगस्टातल्या एका गुरुवारी सकाळी मी शिकागोच्या साउथ मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर १४४९ नंबरच्या इमारतीसमोर उभी होते. शेजारी माझे ७८ वर्षांचे मामा. शॉमबर्ग या उपनगरातल्या त्यांच्या घरून मेट्रा या लोकल गाडीने युनियन स्टेशनला उतरून आम्ही इथवर आलो होतो. मामांनी इमारतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, “अगं, इथे नक्की बघायचं काय?”

मी पुण्याहून शिकागोला आले होते ती बीटल्सची एक जुनी गोल्ड रेकॉर्ड विकत घ्यायला. गोल्ड रेकॉर्ड म्हणजे ठरावीक विक्री झाल्यावर कलाकाराला आणि कंपनीला मिळणारी, चौकटीत बसवलेली सोनेरी तबकडी. बीटल्सच्या जुन्या वस्तूंचा बाजार शिकागोजवळच्या रोझमाँटला भरणार होता शुक्रवारपासून. पण त्याआधी हा पत्ता मला बघायचाच होता, कारण ज्या कंपनीला बीटल्सची गोल्ड रेकॉर्ड कधी मिळाली नाही तिचं कार्यालय इथे होतं.

कंपनीचं नाव व्ही-जे. व्हिव्हियन कार्टर आणि जेम्स ब्रॅकन या कृष्णवर्णीय जोडप्याने १९५३ मध्ये शेजारच्या इंडियाना राज्यातल्या गॅरी गावी ती सुरू केली आणि नंतर शिकागोत आणली. बीटल्स इंग्लंडमध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या पार्लोफोन या लेबलवर, म्हणजे व्यापारी नावाखाली, गात होते. अमेरिकेतली कॅपिटल ही कंपनी ईएमआयच्याच मालकीची, म्हणजे घरचीच. तरीही कॅपिटलने बीटल्सची सुरुवातीची गाणी नाकारली. मग ती फिरत फिरत व्ही-जेकडे आली. १९६३ च्या फेब्रुवारीत व्ही-जेने «प्लीज प्लीज मी» काढलं. पहिल्या प्रतींवरच्या कागदी लेबलवर बँडचं नाव चुकून दोन ‘टी’ घालून छापलं गेलं. डब्ल्यूएलएस या शिकागोच्याच रेडिओ केंद्रावर डिक बियॉन्डी यांनी ते वाजवलं. रेकॉर्ड फारशी खपली नाही. पण अमेरिकेने बीटल्स ऐकायला सुरुवात केली ती या रस्त्यावरच्या एका छोट्या कंपनीमुळे, आणि हे मला फार मोठं वाटतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २६ डिसेंबर १९६३ ला कॅपिटलने «आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड» आणलं. ३ फेब्रुवारी १९६४ ला त्याला गोल्ड रेकॉर्ड जाहीर झाली, त्याच दिवशी «मीट द बीटल्स» या अल्बमलाही. चौघे न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरले त्यानंतर चार दिवसांनी, ७ फेब्रुवारीला. मग ४ एप्रिल १९६४ चा बिलबोर्ड मासिकाचा लोकप्रिय गाण्यांचा तक्ता आला. पहिली पाचही गाणी बीटल्सची. मी ती यादी मामांना रस्त्यातच वाचून दाखवली: पहिलं आणि चौथं कॅपिटलचं, दुसरं «ट्विस्ट अँड शाउट» व्ही-जेच्याच टॉली या लेबलचं, तिसरं «शी लव्ह्ज यू» फिलाडेल्फियाच्या स्वॉन कंपनीचं, पाचवं पुन्हा व्ही-जेचं. पाचांतली तीन गाणी छोट्या कंपन्यांची. त्या तीन गाण्यांपैकी एकालाही तेव्हा अधिकृत गोल्ड रेकॉर्ड मिळाली नाही.

“का नाही?” मामांनी विचारलं. ते निवृत्त इंजिनिअर आहेत, कारण कळल्याशिवाय पुढे जात नाहीत.

कारण असं की अमेरिकेत १९५८ पासून गोल्ड रेकॉर्डचं प्रमाणपत्र आरआयएए ही रेकॉर्ड कंपन्यांची संघटना देते आणि ते आपोआप मिळत नाही. कंपनीने मागणी करायची, खर्च सोसायचा, विक्रीच्या वह्या बाहेरच्या हिशेबनिसांसमोर उघडायच्या, मग शिक्का. त्या काळी सिंगलला, म्हणजे एका गाण्यासाठी काढलेल्या छोट्या रेकॉर्डला, दहा लाख प्रती लागत आणि अल्बमला घाऊक भावाने दहा लाख डॉलरची विक्री. १९५८ च्या मार्चमध्ये पेरी कोमो यांच्या गाण्याला पहिली अधिकृत सोनेरी तबकडी मिळाली. त्याच्या आधी कंपन्या आपापल्या हौसेने देत. १९४२ मध्ये आरसीए व्हिक्टरने ग्लेन मिलर यांना दिलेली त्यातली सर्वांत प्रसिद्ध. आणि व्ही-जे या सगळ्या व्यवस्थेच्या बाहेरच राहिली. पैशांची ओढाताण होती, कॅपिटलशी कोर्टकचेऱ्या चालू होत्या. १९६६ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “फोटो काढ या इमारतीचा. नीट काढ.”

तिथून दक्षिणेला पाऊण मैलावर २१२० नंबर आहे, चेस रेकॉर्ड्स या ब्लूज संगीताच्या रेकॉर्ड कंपनीची जुनी इमारत. चालत गेलो. ऊन होतं, पण सरोवराकडून वारा येत होता. आता तिथे ब्लूजचे गीतकार-वादक विली डिक्सन यांच्या नावाने चालणारी ब्लूज हेवन ही संस्था आहे. वरच्या मजल्यावर स्टुडिओ होता. १९६४ च्या जूनमध्ये रोलिंग स्टोन्स हा इंग्लिश बँड इथे येऊन रेकॉर्डिंग करून गेला आणि या पत्त्याचंच नाव त्यांनी एका धूनला दिलं. रॉक अँड रोलचे गायक चक बेरी यांच्या रेकॉर्ड चेसनेच काढल्या. ती गाणी लिव्हरपूलच्या पोरांनी, म्हणजे बीटल्सनी, ऐकली, पाठ केली आणि परत अमेरिकेला ऐकवली. त्या जिन्यावर पाय ठेवताना मला मंदिराच्या पायरीवर वाटतं तसं वाटलं.

परतीच्या गाडीत मामांनी एक आठवण सांगितली. जानेवारी १९६८ मध्ये ते मुंबईत फोर्टात एका कंपनीत उमेदवारी करत होते. सर फिरोजशहा मेहता रोडवरून रोजचं जाणं-येणं. त्याच रस्त्यावर एचएमव्हीचा स्टुडिओ होता, आणि त्याच महिन्यात बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन तिथे भारतीय वादकांना घेऊन रेकॉर्डिंग करत होता. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, आशिष खाँ अशी मंडळी. बीटल्सच्या «द इनर लाइट» या गाण्याचा वाद्यमेळ तिथलाच. “मी खालून चालत होतो, आणि तो वर होता,” मामा म्हणाले. हे त्यांना कळलं शिकागोला आल्यावर, कितीतरी वर्षांनी. खिडकीबाहेर बघत त्यांनी तेच वाक्य पुन्हा एकदा म्हटलं.

शुक्रवारी रोझमाँट. ओहेअर विमानतळाला लागून असलेल्या हयात रीजन्सी हॉटेलात ‘फेस्ट फॉर बीटल्स फॅन्स’ भरतो. मार्क लॅपिडॉस यांनी १९७४ मध्ये न्यूयॉर्कला याची सुरुवात केली, तेव्हा बँड फुटून चारच वर्षं झाली होती. गाणी, मुलाखती, वाद्यवृंदांच्या स्पर्धा असं बरंच काही असतं, पण माझे पाय सरळ बाजाराच्या दालनाकडे वळले. टेबलांच्या रांगा, खोक्यांत उभ्या लावलेल्या रेकॉर्ड, डबे, बाहुल्या, तिकिटांचे अर्धुकले. आणि एका कोपऱ्यात, भिंतीला टेकवून ठेवलेल्या चौकटी.

पहिलीच समोर दिसली ती ‘व्हाइट मॅट’. संग्राहकांच्या बोलीत हा शब्द ऐकला की आवाज आपोआप खाली येतो. १९६४ पासून साधारण १९७५ पर्यंतच्या आरआयएएच्या चौकटी अशा असत: लाकडी कड, आत पांढरं तागासारखं कापड, त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली धातूची तबकडी, खाली कोरलेली पट्टी. समोरची «मीट द बीटल्स»ची होती. पांढरं कापड आता सायीच्या रंगाचं झालं होतं. मुलाम्यावर कडेला बारीक करडे ठिपके उठले होते. मी गुडघ्यावर बसले आणि मोबाइलच्या उजेडात तबकडीवरचे गाण्यांचे पट्टे मोजले. पाच. त्या अल्बमच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा गाणी आहेत.

टेबलामागच्या गृहस्थांनी माझं मोजणं पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली. पट्टे जुळले नाहीत म्हणून चौकट खोटी ठरत नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. कारखान्यात छपाईचे धातूचे साचे पडलेले असत. हाताला येईल तो घ्यायचा, काठ कापायचा, मुलामा चढवायचा आणि वर योग्य अल्बमचं लेबल लावायचं. गोल्ड रेकॉर्डवर लेबल एका गाण्याचं आणि खाचा भलत्याच कुणाच्या, हे सर्रास आहे. हे मी वाचलं होतं. पण साठ वर्षांपूर्वीच्या त्या खाचांवर बोटभर अंतरावरून उजेड फिरवत असताना ते कळणं निराळं. कुण्या अनोळखी गायकाचा आवाज त्या सोन्याखाली बंद आहे, आणि तो कुणाचा हे कुणालाच सांगता येणार नाही.

मग त्यांनी चौकट उलटी केली. “इकडे बघायचं असतं,” म्हणाले. मागचा तपकिरी कागद ठिसूळ झालेला, खिळ्यांभोवती गंजाची वर्तुळं, तारेने लाकडावर पाडलेला चरा. कागदाला जुन्या कपाटाचा वास. बनावट माल करणाऱ्याला पुढची बाजू जमते, मागची पन्नास वर्षं जमत नाहीत. मी हे पैसे घालवून शिकले आहे. काही वर्षांपूर्वी ऑनलाइन घेतलेली माझी पहिली ‘गोल्ड रेकॉर्ड’ हल्लीच्या प्रिंटरवर छापलेली पट्टी लावून केलेली निघाली होती. आठ दिवस मला जेवण गेलं नव्हतं.

व्हाइट मॅटची किंमत माझ्या वार्षिक बचतीच्या पलीकडची होती. मी ती विचारली, ऐकली आणि आणखी पाच मिनिटं तिथेच बसून राहिले. त्यांनी उठवलं नाही.

माझी चौकट मिळाली ती शनिवारी दुपारी. एका वयस्कर बाईंच्या टेबलावर मोजून तीन चौकटी होत्या. त्यातली एक ‘फ्लोटर’: व्हाइट मॅटच्या नंतरचा, १९७५ ते १९८०-८१ च्या सुमाराचा प्रकार. गडद पार्श्वभूमी, आणि तबकडी, छोटं मुखपृष्ठ, पट्टी हे सगळं काचेमागे अधांतरी तरंगल्यासारखं दिसतं. (आरआयएएचा होलोग्राम १९८५ च्या सुमारास आला, म्हणून तो चिकटवलेली चौकट कुणी साठच्या दशकातली म्हणून दाखवली तर पुढे चालू लागावं.) ही होती १९७६ च्या «रॉक अँड रोल म्युझिक» या दुहेरी अल्बमची. चंदेरी मुखपृष्ठ, पन्नासच्या दशकातल्या चित्रांनी भरलेलं. बीटल्सना स्वतःला ते आवडलं नव्हतं. संग्राहकही या अल्बमकडे जरा दुर्लक्षच करतात, कारण त्यात नवं काही नाही. कॅपिटलने जुनी २८ गाणी गोळा करून काढलेला.

मी मात्र पट्टी वाचायला वाकले आणि थांबले. ही चौकट बँडला दिलेली नव्हती. इलिनॉयमधल्याच एका लहान गावातल्या रेकॉर्डच्या दुकानाला कॅपिटलने दिलेली होती. सत्तरच्या दशकापासून विक्रीत हातभार लावणाऱ्या रेडिओ केंद्रांना, दुकानांना, वितरकांनाही अशा प्रती मिळू लागल्या. बाई त्या दुकानात गल्ल्यावर बसत. दुकान बंद झालं तेव्हा मालकाने ती भिंतीवरून काढून त्यांच्या हातात दिली. कुणी काय विकत घेतलं, कोणतं पोरगं शाळेचा डबा न खाता पैसे साठवून रेकॉर्ड न्यायला येई, हे त्या सांगत होत्या आणि मी ऐकत होते.

मग मला त्या अल्बमच्या गाण्यांची यादी आठवली. पहिल्या बाजूचं पहिलं गाणं: «ट्विस्ट अँड शाउट». दुसरं: «आय सॉ हर स्टँडिंग देअर». दोन्ही त्या काळी अमेरिकेत व्ही-जेने विकलेली. आणि ज्या गाण्यावरून अल्बमला नाव पडलं ते चक बेरींचं, चेसने काढलेलं. परवा पाऊण मैल चाललेला तो सगळा रस्ता त्या तबकडीवर होता. त्या मैलाला साठच्या दशकात जे मिळालं नाही, ते बारा वर्षांनी कॅपिटलच्या नावाने का होईना, इलिनॉयच्या एका दुकानाच्या भिंतीवर येऊन लागलं होतं.

बाईंनी तेराशे डॉलर सांगितले. मी घासाघीस केली नाही. मामा मागून म्हणाले, “घे. कमी पडले तर मी आहे.” कमी पडले नाहीत, पण ते म्हणाले याचं मोल मला पैशांपेक्षा जास्त आहे.

रात्री शॉमबर्गच्या घरी जेवणाच्या टेबलावर मामींनी जुनी चादर अंथरली आणि आम्ही चौकट त्यावर ठेवली. मामांनी चष्मा बदलला, टॉर्च आणला आणि पट्टे मोजायला घेतले. अल्बमच्या चारही बाजूंना सात-सात गाणी आहेत. “सहा,” मामा म्हणाले. पुन्हा मोजले. “सहाच.” मग ते आत गेले आणि एक पाकीट घेऊन आले. आत कोलकात्याजवळच्या दमदमच्या एचएमव्ही कारखान्यात छापलेलं «आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड», मुंबईत काळाघोड्याच्या र्‍हिदम हाउस या दुकानातून घेतलेलं. १९७१ मध्ये शिक्षणासाठी निघताना बॅगेत कपड्यांच्या घडीत घालून आणलेलं. पाकिटाची कड उंदराने कुरतडल्यासारखी झिजली होती. “हे पण घेऊन जा,” म्हणाले, “दोन्ही एका भिंतीवर असू देत.”

मामींनी माझ्या आजीने शिवलेली गोधडी कपाटातून काढली. चौकटीला आधी मऊ कागद, मग पुठ्ठा, मग गोधडी, वर सुतळी. काच होती, म्हणून मी ती विमानात हातातच ठेवली. सोळा-सतरा तासांत दोनदा उठले तेव्हाही शेजारच्या आजोबांना सांगून उठले.

आता ती पुण्यात, उन्हाची तिरीप पोचणार नाही अशा भिंतीवर आहे. खाली मामांची दमदमची रेकॉर्ड. १४४९ नंबरच्या इमारतीचा फोटो मी छापून घेतला, एका लिफाफ्यात घातला आणि चौकटीच्या मागे तारेत अडकवून ठेवला. चिकटवला नाही. मागच्या कागदाला हात लावायचा नसतो.