सूत्रांची नावं आम्ही का छापत नाही

'बातमी खरी असेल तर सांगणाऱ्याचं नाव द्यायला काय हरकत आहे?' वाचक मला हे नेहमी विचारतात, आणि त्यामागचा संशय रास्त आहे. 'सूत्रांच्या माहितीनुसार' या शब्दांआडून आज काहीही खपवलं जातं. अमुक नेता नाराज, तमुक पक्ष सोडणार; आणि हे सांगणारा बहुतेक वेळा तोच असतो, ज्याचा त्या बातमीत फायदा आहे. त्याचं नाव झाकणं म्हणजे त्याच्या राजकारणाची हमाली. मला ते मान्य नाही.

तरीही काही नावं मी झाकतो. बोलल्यामुळे ज्याची नोकरी किंवा जीव धोक्यात येईल आणि जे तो सांगतोय ते दुसरीकडून कळणारच नाही, अशा माणसाचं.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पद सोडायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणाच्या बातम्यांमागचा, 'डीप थ्रोट' या टोपणनावाचा सूत्र म्हणजे एफबीआय या तिथल्या तपास यंत्रणेतला क्रमांक दोनचा अधिकारी मार्क फेल्ट, हे जगाला २००५ मध्ये कळलं, तेही त्याने स्वतः जाहीर केलं म्हणून. निक्सन यांनी राजीनामा दिला १९७४ मध्ये. म्हणजे 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या बातमीदारांनी तीस वर्षांहून जास्त काळ शब्द पाळला. त्याच दैनिकात १९८० साली जॅनेट कुकने हेरॉइनच्या आहारी गेलेल्या आठ वर्षांच्या मुलाची कहाणी लिहिली. ओळख गुप्त ठेवण्याचं वचन दिलंय, असं तिने सांगितलं आणि संपादकांनी नावाचा आग्रह धरला नाही. पुढच्या वर्षी कहाणीला पत्रकारितेतलं मानाचं पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि लगेच परतही करावं लागलं, कारण असा मुलगाच नव्हता.

म्हणून माझा आग्रह असतो की वाचकाला नाव कळलं नाही तरी निदान एका संपादकाला ते कळलंच पाहिजे. काय वापरायचं, काय नाही, हे बोलण्याआधी ठरतं. बोलून झाल्यावर नाही. मग खरं काम सुरू होतं. 'तुम्ही हे स्वतः पाहिलंत की ऐकलंत?' हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. दोन जणांनी दुजोरा दिला म्हणून आपण निश्चिंत होतो, आणि त्या दोघांना ते एकाच तिसऱ्याने सांगितलेलं निघतं. कागद मिळाला तर उत्तम. परदेशांतल्या गुप्त कंपन्यांचा तपशील उघड करणारे पनामा पेपर्स देणाऱ्या, 'जॉन डो' हे टोपणनाव घेतलेल्या सूत्राला त्याच्याशी बोलणारे पत्रकारही ओळखत नव्हते, पण सुमारे १.१५ कोटी कागदपत्रं ताडून पाहता येत होती. ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजूही घ्यायचीच, आणि त्याला उत्तर द्यायला पुरेसा वेळ देऊन.

पूर्वी बातमीदाराने तोंड बंद ठेवलं की बहुधा भागायचं. आता तसं राहिलेलं नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत एका गोपनीय अहवालाची प्रत बातमीदाराने खातरजमेसाठी सरकारला दाखवली. कागदावरच्या घडीवरून तो छापून बाहेर नेल्याचं लक्षात आलं. नोंदी तपासल्या तर तो अहवाल सहाच जणांनी छापला होता, आणि त्यांतल्या रिअ‍ॅलिटी विनर या कंत्राटी कर्मचारी महिलेच्या कार्यालयीन संगणकावरून त्या माध्यमसंस्थेला ईमेल गेलेला होता. तिला ६३ महिन्यांची शिक्षा झाली. खातरजमा करणं हे आमचं कर्तव्य, सूत्राला जपणं हेही कर्तव्य, आणि इथे एकाने दुसऱ्याचा घात केला. हे प्रकरण मला फार अस्वस्थ करतं. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९९६ मध्ये गुडविन या ब्रिटिश पत्रकाराच्या खटल्यात सूत्रांचं संरक्षण ही वृत्तस्वातंत्र्याची मूलभूत अट मानली. मात्र नाव सांगण्याची सक्ती न्यायालय रोखू शकेल, प्रिंटरने आधीच ठेवलेल्या नोंदीचं काय करणार?

म्हणून हल्ली कागद हातात असला तरी मी त्याचा फोटो छापत नाही, मजकूर उतरवून देतो. वाचकाला पुरावा कमी दिसतो, संशय वाढतो. त्याबदल्यात मी तीन गोष्टी लिहितो: तो माणूस त्या व्यवहाराच्या किती जवळ होता, त्याने स्वतः काय पाहिलं आणि नाव का दिलेलं नाही. यातलं काहीच बातमीत नसेल तर संपादकांना पत्र लिहून जाब विचारा, बातमी माझी असली तरी.