गेटरच्या रिब्ज घरी केल्या, माझा अनुभव

आधीच सांगते, ज्यांना मटणात नळी आणि कुरकुरीत हाडं चघळायला आवडतात त्यांनीच हा उद्योग करावा. ज्यांना बोनलेस लागतं त्यांनी सरळ टेल मीट (शेपटीचं मांस) आणावं, तळावं आणि गप्प खावं. कारण गेटरच्या, म्हणजे ॲलिगेटर या मगरीच्या जातभाईच्या, रिब्जवर (बरगड्यांवर) मांस कमी, कुर्च्या जास्त आणि साफसफाईचं काम त्याहून जास्त.

आम्ही राहतो अमेरिकेत, लुईझियाना राज्यात, लफायेटला. इथे गेटर म्हणजे काही नवल नाही, सीफूडच्या दुकानात कोळंबी, क्रॉफिश आणि कॅटफिशच्या शेजारी गोठवलेली पाकिटं पडलेली असतात. पण मी मूळची सांगलीची, कृष्णेत मगर दिसली की अख्खा गाव काठावर जमतो हे बघत मोठी झाले, त्यामुळे तळलेले गेटरचे तुकडे हॉटेलात खाणं वेगळं आणि तिच्या बरगड्या आपल्या ओट्यावर घेऊन बसणं वेगळं. शेवटी शेजारच्या आजोबांनी भरीस घातलं. ते पक्के केजन (लुईझियानातले जुने फ्रेंच वंशाचे लोक), म्हणाले टेल तर टुरिस्ट पण खातात, रिब्ज करून बघ. आणि टेलपेक्षा बऱ्याच स्वस्त पण असतात.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर पहिला प्रश्न, अगं पोलीस धरतील ना? प्रश्न बरोबर आहे, आपल्याकडे मगर वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, मारणं सोडा, नुसतं मांस जवळ सापडलं तरी जेल. इथली गोष्ट उलटी झाली. कातड्यासाठी इतकी शिकार झाली होती की लुईझियानाने १९६२ मध्ये शिकार बंदच केली, १९६७ मध्ये देशपातळीवर गेटर धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत गेला, मग संख्या वाढली तशी १९७२ मध्ये फक्त कॅमेरून भागापुरती, टॅग लावून, मोजूनमापून परत सुरू केली आणि १९८७ मध्ये गेटर पूर्ण सावरला असं जाहीर झालं. गंमत म्हणजे आपला वन्यजीव कायदा पण १९७२ चाच. आता इथे शिकारीचा सीझन ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये सुरू होतो, आणि फार्म वेगळे, ते दलदलीतली अंडी गोळा करून उबवतात आणि त्यातली ठरावीक पिल्लं परत दलदलीत सोडावी लागतात. सासूबाई म्हणाल्या बरं बरं, पण गंगेचं वाहन आहे ते. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. इथल्या कॅथलिक लोकांनी मात्र आपला प्रश्न सोडवून टाकलाय, लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळातल्या) शुक्रवारी मांस चालत नाही, मासे चालतात, तर न्यू ऑर्लिन्सच्या आर्चबिशपनी २०१० मध्ये लेखी कळवलं की गेटर माशांच्यातच धरतात. श्रावणासाठी असं पत्र कोणी देईल का, असं नवरा विचारतोय.

तर मुद्द्यावर येते. पाकीट फ्रीजमध्ये ठेवून हळूहळू वितळवलं, ओट्यावर नाही. उघडल्यावर वास थोडा नदीच्या माशासारखा आणि थोडा चिखलट, घाबरायचं नाही, तो वास मांसाचा कमी आणि चरबीचा जास्त असतो. ही एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे, बाकी सगळं इकडचं तिकडे चालतं. बकऱ्याच्या किंवा डुकराच्या मांसात चरबी मिसळलेली असते आणि तीच चव देते, म्हणून आपण ती ठेवतो. गेटरची चरबी वेगळ्या थरात बसलेली असते, मांस अगदी कोरडं आणि चरबी बाजूला. ती राहिली की शिजताना सगळ्याला उग्र वास लागतो आणि मग कितीही मसाला ओता, जात नाही. मी धारदार छोटी सुरी घेऊन दिवाणखान्यात टीव्ही लावून बसले आणि दिसेल तो पांढरट पिवळट भाग खरवडून काढला, बरगड्यांच्या मधल्या फटीतून पण. आतल्या बाजूचा पापुद्रा ओला फडका धरून ओढला की निघतो, पोर्क रिब्जसारखाच. पोटाच्या बाजूला काही बारीक हाडं सुटी सुटी हाताला लागतात, बरगड्यांना न जोडलेली, ती गेटरला असतातच, काहीतरी तुटलंय असं समजू नका. हे सरपटणारं जनावर आहे त्यामुळे साल्मोनेलाची भीती कोंबडीइतकीच धरायची, वेगळा बोर्ड, काम झालं की सुरी, हात, सिंक सगळं साबणाने.

मग रात्रभर ताकात. इथले लोक बटरमिल्क वापरतात, मी घरच्या दह्याचं जरा दाट ताक केलं, त्यात मीठ आणि ठेचलेला लसूण. बहिणीने फोनवर सांगितलं कच्ची पपई लाव, पण नाही लावली, बरगडीवर मांस जेमतेम बोटभर, पपईने त्याचा लगदा झाला असता. तिचा दुसरा सल्ला कुकरला चार शिट्ट्या. रस्सा करायचा असेल तर ते बरोबर आहे, पण रिब्ज म्हणून हातात धरून खायच्या असतील तर कुकरमध्ये सगळं सुटून हाडं एकीकडे मांस एकीकडे होतं.

सकाळी ताक टाकून दिलं, रिब्ज टिपून कोरड्या केल्या आणि दोन वाटे केले. एका वाट्याला टोनी शॅशरीचा मसाला चोळला, तो इथून जवळच ओपेलुसासला बनतो आणि इथे प्रत्येक घरात त्याचा हिरवा डबा असतोच, मीठ त्यात भरपूर असतं त्यामुळे वरून घालायचं नाही. दुसऱ्याला आपला कांदा लसूण मसाला, पण तेलात कालवून आणि अगदी हलका हात, कारण त्यात खोबरं, तीळ, कांदा सगळं असतं, वरची आच लागली की करपून कडू होतं. दोन्हींखाली कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची पसरली, हे तिघं म्हणजे केजन स्वयंपाकाचं आलं लसूण, थोडं बटर, अर्धी वाटी चिकन स्टॉक, आणि फॉइलमध्ये घट्ट बंद करून ओव्हनला २७५ फॅरनहाइटवर.

दोन तास लागतात धरून चाला, आणि मधेमधे उघडून बघायचं नाही, वाफ गेली की मांस आणखी कोरडं पडतं. पोल्ट्रीसारखं १६५ फॅरनहाइट झालं की खायला सुरक्षित, पण तिथे थांबलात तर रबर. कुर्च्या आणि शिरा मऊ व्हायला त्याच्या बरंच वर जाऊ द्यावं लागतं. बरगड्या इतक्या बारीक की थर्मामीटर हाडालाच टेकतो, म्हणून मी शेवटी एक बरगडी धरून पिरगळून बघते, सहज फिरली की झालं.

आता सगळ्यात आवडलेला भाग. इथे वरून बार्बेक्यू सॉस लावतात, मला तो फार गोड आणि धुरकट लागतो. त्याऐवजी स्टीन्सचं केन सिरप आणलं, ॲबेव्हिलला १९१० पासून बनतंय, आणि झाकण उघडल्यावर जो वास आला ना, थेट गुऱ्हाळ! काकवीच ती. लुईझियानाचा हा भाग पण उसाचाच, सांगलीसारखा, फक्त इथे नदीत मगर असली तरी कोणी वळून बघत नाही. काकवीत व्हिनेगर, लाल तिखट, थोडी मोहरी कालवली, फॉइल उघडून केजनवाल्या रिब्जना ब्रशने लावली आणि ब्रॉइलरखाली, म्हणजे ओव्हनच्या वरच्या आचेखाली, फक्त काही मिनिटं, तिथेच उभं राहून, कारण काकवी क्षणात जळते. कांदा लसूणवाल्यांना ब्रॉइलर दाखवलाच नाही, खालचा रस आटवून त्यातच घोळवल्या.

चव कशी? सगळे चिकनसारखी म्हणतात, टेल कदाचित असेल, रिब्ज नाही. मला पोर्कच्या जवळची वाटली, शेवटी हलकी माशाची झाक. शेजारच्या आजोबांनी काकवीवाल्या खाल्ल्या आणि मान डोलावली, पण डबा भरून नेला तो कांदा लसूणवाल्यांचा, आणि तो लाल मसाला कुठे मिळतो हे विचारायला दुसऱ्या दिवशी परत दारात. नवऱ्याने हाडं कुर्चीसकट चावून संपवली, मुलाने दोन खाऊन पिझ्झा मागितला.

उरलेलं मांस हाडावरून सोडवून दुसऱ्या दिवशी रस्सा केला, इथल्या सॉस पिकांतसारखा टोमॅटो जास्त घालून, आणि भाताबरोबर तो रिब्जपेक्षाही छान लागला. फक्त दुकानात घेताना विचारून घ्या की चरबी काढलेली आहे का, काही ठिकाणी साफ केलेलं पाकीट मिळतं, थोडं महाग पडतं पण अर्धा दिवस वाचतो.